बोबडा मंत्र

बिड्या वळताना पोचव्वाचे हात चालत, त्याहून तिचं तोंड जास्त चाले. गावातल्या बायका पोचम्मा देवीच्या देवळापुढं मांडीवर सूप घेऊन बसत, त्या निम्म्या मजुरीसाठी आणि निम्म्या तिच्या बोलण्यासाठी.

"एल्लव्वा, ही बिडी हाय का नवऱ्याची मिठी? किती ढिली वळायलीस!"

बायका खिदळल्या. "अक्का, तुझ्या जिभेला काही हाड?" एल्लव्वा म्हणाली खरी, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. घरात तिची लेक मानसा तापानं फणफणली होती. भगताकडून ताईत आणून बांधला होता.

पोचव्वाचा आवाज बदलला. "ताईत राहू दे गं. आजच्या आज दवाखान्यात ने. नाहीतर पोर हातची जाईल."

यात वाईट काय होतं? मी तरी शोधून दमलो. पण मानसा दुसऱ्या दिवशी गेली, आणि गाव म्हणालं, पोचव्वाची बत्तिशी वठली.

तेलंगणातल्या आमच्या या मेदक भागात भानामतीवर ठरलेला उपाय आहे. जिच्यावर संशय, तिचे दात काढायचे. दात गेले की उच्चार बोबडा होतो, आणि बोबडा मंत्र कुणाला लागत नाही. हे सांगणारी माणसं मोबाइलवरून पैसे पाठवतात आणि पोरांना इंजिनिअर करतात. शिकून माणूस शहाणा होतो म्हणतात, ते कुठलं गाव, मला दाखवा.

एल्लव्वाचा दीर ओदेलू सायकली दुरुस्त करायचा. भर दुपारी त्यानं पोचव्वाला केसांना धरून चुलीपुढून फरफटत बाहेर आणलं. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. तिला विजेच्या खांबाला बांधलं. मग काठी, चप्पल, ज्याच्या हाताला जे लागलं ते. बरगडी मोडल्याचा आवाज पुढच्यांनी ऐकला आणि मागच्यांना सांगितला.

"माझी पुतणी खाल्लीस रांडे!"

"ओदेलू, बिड्डा, माझ्या लेकरा, अंगाखांद्यावर खेळवलं रे तुला!"

"बघा, बघा, मंत्र म्हणायली!" कुणीतरी ओरडलं.

तिनं तोंड मिटून घेतलं, तेव्हा त्यांनी नाक दाबलं. एल्लव्वानं मागून तिचं डोकं घट्ट धरलं. ओदेलूनं दुकानातली पकड तोंडात घातली. पहिला दात मुळासकट आला नाही, मध्येच तुटला. उरलेला दगडानं पाडला. पुढचे वरचे-खालचे दात निघेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. रक्त हनुवटीवरून साडीवर आणि साडीवरून पायावर आलं. बिड्या वळणाऱ्या बायका तिथंच होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही, आणि त्यांचे तर दात शाबूत होते.

पोलीस आले. ओदेलू जामिनावर सुटला आणि पुन्हा पंक्चर काढू लागला.

पोचव्वा जगली, पण मुकी झाली. काही विचारलं तर पदर तोंडावर धरून मानेनं सांगे. बोललं की स्वतःचा बोबडा आवाज कानी येई आणि पकडीचं लोखंड परत जिभेला लागे.

तालुक्याच्या गावी रत्नम्मा दर रविवारी बायकांना जमवते. तिचेही दात असेच गेलेले, येणाऱ्या साऱ्याजणींचेही. पोचव्वाच्या लेकीनं आईला तिथं जवळजवळ ओढतच नेलं.

"इथं औषध नाही, वकील नाही," रत्नम्मा म्हणाली. "घडलं ते सांगायचं. दुसरीचं ऐकायचं."

पोचव्वा कित्येक रविवार नुसती ऐकत राहिली. एकीला विष्ठा खायला घातली होती. एकीच्या नवऱ्याला तिच्यादेखत जाळलं होतं. एकदा एक म्हातारी आपली हकिकत सांगताना एकाच शब्दावर अडली आणि थुंकीचे शिंतोडे उडवू लागली. "अगं, सासू म्हणतेस का सावकार? तेवढं तरी कळू दे!" रत्नम्मा म्हणाली. सगळी बोळकी एकदम हसली. पोचव्वाही हसली, मग रडली, मग बोलली. पहिल्यांदा ती खांबापर्यंतच पोचली. पुढच्या खेपेला पकडीपर्यंत. सांगून झालं की तिला भूक लागे.

बतुकम्माचा सण झाला आणि ओदेलूचा मुलगा आजारी पडला. भगत म्हणाला, करणी करणारं घरातलंच आहे. मग ओदेलूनं आपल्या वहिनीला, एल्लव्वाला, त्याच खांबाला बांधलं.

"पोटची पोर खाल्लीस, आता माझा पोरगा खातीस?" त्यानं लोखंडी पाना तिच्या हातावर घातला. हाड मोडलं. मग त्यानं पकड उचलली. एल्लव्वाची किंकाळी पोचव्वाच्या घरात ऐकू आली.

ती दार लावून बसली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. ती पदर न घेता बाहेर आली.

"ओदेलू, थांब. आधी माझं ऐक."

तिचे शब्द मी इथं नीट लिहितोय. तिच्या तोंडून ते तसे येत नव्हते. कुणीतरी तिची नक्कल केली, काही जण हसले. ती सांगत राहिली. हाताला लागलेलं पीठ, दाबलेलं नाक, तुटलेला पहिला दात. कुणी पाय धरले, कुणी दगड दिला, नावं घेऊन सांगितलं. एक दगड येऊन तिच्या कपाळाला लागला. तिनं रक्त पुसलंसुद्धा नाही.

"माझे दात काढले, तवा भानामती संपली म्हणालात ना? मग हे लेकरू तापलं कसं? आज हिचे काढाल. उद्या कुणाचे? तुझ्या बायकोचे?"

ओदेलूची बायको गर्दीतच होती. तिनं घरात जाऊन पोराला उचललं. "मी दवाखान्यात चालले," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही बसा इथं दात मोजत!"

ओदेलूची पकड हातातच राहिली, कुणीतरी एल्लव्वाची दोरी सोडली. पोराचं दुखणं टायफॉइड निघालं, सलाइन लागलं आणि ते उठून बसलं.

पुढच्या रविवारी एल्लव्वा बैठकीला आली. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून दारापाशी बसली. त्या खोलीत एवढे दात असलेली ती एकटीच. तिची पाळी आली.

"मी हिचं डोकं धरलं होतं," ती पुटपुटली.

 पोचव्वा उठून जाईल असं रत्नम्माला वाटलं. ती उठली नाही.

"मोठ्यानं बोल," पोचव्वा म्हणाली. "मागच्यांना ऐकू जात नाही."