सोवळ्यातला वास

मित्रांनो, नाक दाबू नका. मी डाळिंबी रंगाची नऊवारी रेशमी साडी आहे, कांचीपुरमच्या मागावर विणलेली, आणि माझ्या अंगाला वर्षानुवर्षं घामाचा वास येत होता. तो घाम माझा नव्हता. नावं मात्र मलाच ठेवली गेली.

मला हौसेनं घेतलं ते तंजावरच्या एका बाईंनी, नित्याच्या आईनं. नेसून झालं की त्या मला वाऱ्यावर टाकायच्या. मग गोड्या गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात हलकेच बुचकळायच्या. पिळायच्या नाहीत. सावलीत वाळवायच्या. "घडी बदलत राहा गे, नाहीतर तिथंच चिरते," असं लेकीला, नित्याला बजावायच्या. नित्याच्या लग्नात त्यांनी मला तिच्या हाती दिलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आईची म्हणून नित्याकडे मी तेवढी उरले.

सासर चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला. सासूबाई त्रिपुरसुंदरी यांनी मला पाहिलं आणि हुकूम सोडला, "ही मडीला राहू दे." सोवळ्याला इकडे मडी म्हणतात. झालं. सण असो, श्राद्ध असो, मला नेसून त्या चुलीपुढे उभ्या. चेन्नईचा घाम, तुपाचे शिंतोडे, फोडणीचा धूर, सगळं माझ्यात मुरायचं. स्वयंपाक उरकला की काठीनं, कायम त्याच घडीत, उंच दांडीवर टाकायचं, कोणी शिवू नये म्हणून. फारच वास सुटला तर गच्चीवर रणरणत्या उन्हात.

एकदा नित्यानं बादलीत रिठे भिजवले.

"अम्मा, बोअरचं पाणी खारट आहे, म्हणून कॅनचं घेतलंय. जरा द्या मला ती."

"अय्यय्यो! प्यायचं पाणी लुगड्याला? पट्टूला, रेशमाला विटाळ नसतो, धुवायचं कशाला? तुझ्या आईनं हेच शिकवलं काय गे?"

आई हेच शिकवून गेली होती. पण नित्यानं बादली मोरीत ओतली. मला तिचाही राग आला. हो, तिचाही.

पुढे तिच्या लेकीचं, भव्याचं लग्न ठरलं. "मुहूर्ताला मी तंजावरच्या आजीचीच साडी नेसणार," ती म्हणाली. नित्याचे डोळे भरून आले. सासूबाईंनीही मोठ्या मनानं मला दांडीवरून उतरवलं आणि वास दाबायला वरून अत्तर फवारलं.

अड्यारच्या मंगल कार्यालयात काष्टा घालायला मला ओढलं आणि मी घडीवर चर्रकन फाटले. कंबरेपासून थेट काठापर्यंत.

"बघ! पट्टूच कच्चा दिला होता तुझ्या आईनं," सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

नित्या एरवी खाली बघणारी. ती मान वर करून म्हणाली, "माझ्या आईनं साडी दिली होती, अम्मा. पोतेरं तुम्ही केलंत."

भव्या दुसरीच साडी नेसून बोहल्यावर चढली. फोटो छान आले म्हणे.

घरी आल्यावर नित्यानं कॅनचं पाणी घेतलं, कोणाला न विचारता. रिठ्यात मला बुडवलं. पाणी चहासारखं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. सावलीत मला पसरून ती शेजारीच बसून राहिली. अंगातला वास गेला तेव्हा फाटलेली का होईना, मी पुन्हा डाळिंबी दिसू लागले.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आता कशाला धुतेस? फाटलेलं मडीला चालत नाही."

ऐकलंत ना मित्रांनो? कुजत होते तोवर मी पवित्र होते. धुऊन निघाले आणि बाद झाले.

तुमच्या घरीही दांडीवर, कपाटात माझ्यासारखी कोणीतरी असेल. आजच खाली काढा. हुंगून बघा. वास आला तर आधी धुवा, पाया नंतर पडा.