गुनबोर्गमावशींना केवढा बॉयलर हवा?

त्या जानेवारीत गुनबोर्गमावशींच्या धुराड्यातून मी बादलीभर डांबर खरवडून काढलं आणि पहिल्यांदाच त्या घराची मला भीती वाटली. काजळी मला नवी नाही. वीस वर्षं उत्तरेच्या बर्फाळ येम्टलंड प्रांतातल्या ह्या बाजूची धुराडी मीच साफ करते. पण हे काळं, चकचकीत आणि विटांना घट्ट चिकटलेलं होतं. एक ठिणगी पडली असती तरी छप्पर गेलं असतं.

मावशी एकाहत्तर वर्षांच्या. धाकटा भाऊ एवाल्ड बस चालवून निवृत्त झालेला. दोघांनीही लग्न केलं नाही, वडिलांच्या लाकडी घरात एकत्र राहायची. तळघरातला बॉयलरही वडिलांच्याच वेळचा, आणि आता तो खालून पाझरू लागला होता.

"नवा घ्यायलाच हवा," मी हात पुसत म्हटलं.

"घेणारच आहे, तूवा. साठ किलोवॅटचा," मावशी कॉफी ओतत म्हणाल्या. "ह्या मेल्यानं आम्हाला जन्मभर पहाटे गारठवलं. आता असा आणते, की भिंतींना घाम फुटेल."

"आणि त्यात लाकडं कोण कोंबणार?" एवाल्ड म्हणाला. "ताई, ओस्टरसुंड शहरातला तो फ्लॅट अजून रिकामा आहे. लिफ्ट आहे तिथे."

"तूच बस जाऊन लिफ्टमध्ये. प्रत्येक मजल्यावर दार उघड, म्हणजे बस चालवल्यासारखं वाटेल."

एवाल्ड हसला.

"मावशी, संध्याकाळी तुम्ही बॉयलरची हवा कमी करता ना?" मी विचारलं.

"करावीच लागते. नाहीतर घराची सौना होऊन घामाच्या धारा लागतात, आणि लाकडं पहाटेआधीच संपतात."

"मग हा लहान कुठे आहे? हा मोठाच आहे. हवा कोंडली की लाकूड नीट न जळता धुमसतं, डांबर होऊन धुराड्यात बसतं. साठचा आणलात तर याच्या दुप्पट बसेल."

मावशींना राग आला. त्यांच्या वडिलांच्या बॉयलरला कोणी नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. "मग घराला किती लागतं ते तू कशावरून ठरवणार? नाकावरून?"

"वजनावरून," मी म्हटलं.

धुराडं पुरतं साफ करायला मला दोन दिवस लागले. पुढच्या आठवड्यात थंडी उणे बावीसवर गेली. एल्क ह्या थोराड हरणाच्या शिकारीनंतर मांस तोलायचा मोठा काटा एवाल्डनं तळघरात टांगला आणि तीन दिवस प्रत्येक टोपली तोलूनच आत गेली. हवा अजिबात कोंडायची नाही, असं मी बजावलं होतं. दिवसाला साधारण एकशेवीस किलो लाकूड लागलं. जुन्या बॉयलरमध्ये त्यातली बरीच ऊब धुराड्यातून जाते, ती वजा केली तर एवढ्या थंडीतही घराला लागत होते जेमतेम बारा किलोवॅट.

"बारा?" मावशी खुर्चीत बसल्या. "म्हणजे बाराचा घ्यायचा?"

"नाही. तीसचा घ्या, आणि सोबत दोन हजार लिटर पाण्याच्या टाक्या. काही तास भडकवून जाळायचं, उरलेली ऊब पाण्यात साठवायची आणि आग विझू द्यायची. मग पाणी घर तापवत राहील."

"दोन हजार लिटर! मी काय गावाच्या आंघोळीचा मक्ता घेतलाय?"

एवाल्ड सरपण आणायला बाहेर गेला तशा मावशींनी माझी बाही धरली. "खरं सांग पोरी. मला सकाळपर्यंत झोपू देईल का हे पाणी?"

"देईल."

"गेल्या हिवाळ्यात पहाटे लाकडं घालायला उतरताना मी जिन्यावरून पडले. त्याला सांगितलं नाही. त्यानं त्याच दिवशी फ्लॅटची किल्ली आणली असती."

तेवढ्यात दारातून एवाल्डचा आवाज आला. "टोपलीचा कान तुटला होता आणि तू चार दिवस लंगडत होतीस. मी काय आंधळा आहे, ताई?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू माझं ऐकलं असतंस?" लाकडं खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. "तूवा, टाक्या कधी येतील ते बोल."

तळघराचं दार अरुंद होतं, म्हणून एका मोठ्या टाकीऐवजी चार उंच, सडपातळ टाक्या बसवाव्या लागल्या. सगळं जोडून होईपर्यंत जून उजाडला.

डिसेंबरात मी पुन्हा गेले. सकाळचे नऊ वाजले होते. एवाल्डनं दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोपलीय अजून."

"मावशी? ह्या वेळेला?"

"पहिल्या दिवशी मी घाबरून श्वास चालू आहे का ते बघून आलो. आता सवय झालीय."

मी छपरावर चढले. ब्रशला फक्त करडी, कोरडी भुकटी लागली. डांबराचा ठिपकाही नव्हता. खाली तळघरात आग केव्हाच विझलेली, पण टाकीच्या वरच्या नळीवर हात ठेववेना.

वर आले तर मावशी गाऊनवरच टेबलाशी बसलेल्या, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. क्रॅनबेरीचा मुरंबा घालून जवाची लापशी खात होत्या.

"काय गं, जळेल का माझं घर?"

"नाही जळत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि वाडगा एवाल्डपुढे सरकवला. "अजून घाल. मला घाई नाही."