सुधन्वाने बोलायचं नाही

ग्रंथालयांसाठीचं ते मोफत सॉफ्टवेअर सुधन्वाने सुरू केलं होतं. कोड सगळ्यांना खुला होता, कुणीही सुधारणा पाठवू शकत होतं. पण नवी आवृत्ती रिलीज करणं फक्त त्यालाच जमायचं.

करोल बागेत राहणारी तनया नवीनच आलेली. तिने पुस्तक शोधण्याचा भाग सुधारला, पण चुकीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या भलत्याच भागात. सुधन्वाने घाईत रिलीज केलं आणि दुसऱ्या दिवशी कित्येक ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव बंद पडली. 'आधी रचना समजून घ्या, मग हात लावा,' असं त्याने ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं. तनयाने काम सोडलं.

फरीदाबादची वृंदा या कामात पहिल्यापासून होती. तिने त्याला फोनच लावला.

"रचना समजून घ्यायची कुठून? लिहिलीय कुठे?"

"कोड वाचला की कळतं, यार."

"तुला कळतं. लिहिलायस तूच."

"मग तू लिही."

"लिहितेच."

रोज ऑफिसला जाण्याआधी ती लिहायला बसायची. कुठलं मॉड्यूल काय करतं, कशावर अवलंबून आहे, कुठे काय घालायचं नाही. मग रिलीजच्या पायऱ्या. सुधन्वा अर्धवट उत्तरं द्यायचा; ती पुन्हा विचारायची. सगळं लिहून झाल्यावर तिने तनयाला बोलावलं.

"नको ताई. परत माझ्यामुळे काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं लिखाण कच्चं. तू फक्त वाचत वाचत कर."

रविवारी तिघं वृंदाच्या घरी जमली. रिलीज तनया करणार आणि सुधन्वाने एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं. तनया थोड्याच वेळात अडली. चाचण्या आधी चालवायच्या की आवृत्तीचा क्रमांक बदलल्यावर? सुधन्वा पुढे झुकला.

"गप्प," वृंदा म्हणाली आणि आपल्या लिखाणात तिथे एक ओळ वाढवली.

तनया पुन्हा अडली, पुन्हा एक ओळ वाढली. तिसऱ्यांदा अडली तेव्हा मात्र सुधन्वानेच लॅपटॉप ओढून घेतला. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं," तो राहिलेली ओळ टाइप करता करता म्हणाला. मग मान वर न करता, "तनया, त्या दिवशी चूक माझी होती. सॉरी."

ती पुढची पायरी वाचू लागली. संध्याकाळी रिलीज झालं.

जानेवारीत सुधन्वा घरच्यांबरोबर पानिपतला, काला अंबचं युद्धस्मारक बघायला गेला असताना एक तातडीची दुरुस्ती आली. ऑफिसातून वृंदाने घाबरून तनयाला फोन केला.

"झालं की ताई," तनया म्हणाली. "मघाशीच रिलीज केलं. आणि सातवी पायरी जरा गोंधळाची वाटली, ती नव्याने लिहिलीय. बघून घ्या."