कणसरीची जागा

मित्रांनो, मी सागवानाचा एक जुना चौरंग आहे आणि टोकियोतल्या ओजिमात राहतो. पुण्याच्या एका सुताराने मला घडवले. माझे चारही पाय फिरवून काढता येतात, म्हणून नीलिमाताईंच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये बसून मी विमानाने इथे आलो. इथल्या मराठी बायकांचे एक मंडळ आहे. सण कोणाच्याही घरी असो, देव माझ्यावरच मांडतात. ट्रेनमधून मला मांडीवर घेऊन नेतात. माझे कौतुक फार झाले. आज त्या कौतुकाची मला लाज वाटते.

उत्तरा मंडळात नवी आली. ती जव्हारकडची, वारली समाजाची. इथल्या विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिला कुलदैवत विचारले. ती सरळ म्हणाली, "आमची कणसरी. धान्य हीच आमची देवी. मूर्ती नसते." सगळ्या "अय्या, छान" म्हणाल्या आणि विषय बदलला.

नीलिमाताईंच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने भाताच्या लोंब्यांची जुडी आणली. बाल्कनीत, बादलीत तिनेच तो भात वाढवला होता. ती जुडी माझ्यावर ठेवू लागली, तेव्हा नीलिमाताई म्हणाल्या, "अगं, देवांच्या रांगेत नको. खाली ठेव ना, सुगडांजवळ."

"आमच्याकडे ही देवी कुकरमध्ये असते," मंडळातली कश्मिरा म्हणाली. हशा पिकला. उत्तराही थोडी हसली आणि जुडी माझ्या पायाशी, जमिनीवर ठेवून बसली.

मग नीलिमाताईंनी आतून एक माळ आणली. नववर्षाला जपानी देवळातून घेतलेली, पेंढ्याची, मध्ये भाताच्या लोंब्या खोवलेली. "हे लोक निसर्गाला किती मानतात बघा," असे म्हणत त्यांनी ती गणपतीशेजारी माझ्यावर ठेवली. सगळ्यांनी हात जोडले, फोटो काढले.

उत्तराने माळेकडे पाहिले, मग आपल्या जुडीकडे. "ताई, दोन्ही भात इथलेच आहेत," ती हळू म्हणाली. "या लोकांचा वर चालतो. माझा का नाही?"

नीलिमाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून जुडी उचलली. "वर ठेवते गं. चुकलं माझं."

"आज नको, ताई. मी बोलले म्हणून नको."

तिने जुडी पिशवीत ठेवली, सगळ्यांना तिळगूळ दिला आणि निघून गेली.

मी लाकूड आहे. सरकून जागा करणे मला जमत नाही. पण माझ्यावर वीतभर जागा रिकामी होती, हे मला कळत होते.

आता देव मांडताना नीलिमाताई तेवढी जागा सोडतात. उत्तराला दर वेळी निरोप जातो. ती अजून आलेली नाही.

मित्रांनो, मला पुसले नाही, पॉलिश केले नाही, तरी चालेल. पण तुमच्याकडे कोणी आपला वेगळा देव घेऊन आले, किंवा मला देवच नाही म्हणत आले, तर त्यांना मागावे लागण्याआधी जागा करा. उत्तराला ती मागावी लागली, आणि मान खाली गेली ती आमची.