गोदाबाईच्या वावरातलं भजनी मंडळ

वावधन, म्हणजे वादळ, होऊन गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, बेस्तरवारी सकाळी, माझं आणि गोदाबाईचं बांधावर जुंपलं. कारण म्हटलं तर काहीच नव्हतं. माझ्या वावरातली केळीची दोन खोडं वाऱ्यानं बांध ओलांडून तिच्या हद्दीत पडली होती आणि ती आत्ताच्या आत्ता उचल म्हणून गोदाबाई माझ्या मागं लागली होती.

"काकू, तुह्या वावरात नवशे खोडं आडवी पडेल हायेत. त्यात माह्या दोनाचं काय घेऊन बसली?"

"माह्या नवशेचं मी पाहीन. तुह्या दोनाचं तू पाहाय."

"मी का मुद्दाम फेकली?"

"वारा तुह्याच अंगानं आला ना, वामन्या?"

आता अशा बाईपुढं काय बोलावं? माझं वय बावन्न, घरात सून आली, पण गोदाबाईच्या तोंडी मी अजून वामन्याच. ती साठीच्या पुढची, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा समाधान तिकडं पिथमपूरला कारखान्यात, त्याला सुट्टी मिळायला अजून दहा दिवस होते. एक एकर केळी ही बाई एकटीच्या हिमतीवर करते, आणि गावातल्या चार गड्यांपेक्षा चांगली करते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, बोलणारही नाही.

मंगळवारी चार वाजता वारा सुटला आणि सव्वाचारला थांबला. तेवढ्यात शाहपुरपासून आमच्या शिवारापर्यंत हिरवी उभी केळी चटईसारखी अंथरून गेला. कोणाच्या घराची टिनं कोणाच्या विहिरीत सापडली. घड अर्धेच भरलेले, त्यांना व्यापारी हात लावत नाही. बुधवारी पटवारी मोबाइलवर फोटो काढून गेला आणि रडायचं तेवढं आम्ही त्याच दिवशी रडून घेतलं.

केळीचं एक बरं असतं. मोठं खोड पडलं तरी त्याच्या बुडाशी तीन-चार पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक राखलं की पुढच्या वर्षीचा बाग उभा. पण पडलेलं ओलं खोड त्या पिलांच्या उरावर बसलेलं असतं. आठ दिवसांत ते उचललं नाही, तर सडतं आणि पिलांनाही सोबत नेतं. म्हणजे हे वर्ष गेलं ते गेलं, पुढचंही गेलं. आणि उचलायला माणूस मिळेना, कारण अख्ख्या शिवाराचं एकाच दिवशी पडलेलं. मजूर मोठ्या बागवाल्यांनी पहिल्याच रात्री बोलून ठेवले. मंगळवार संध्याकाळपासून एकटीनं विळा चालवून गोदाबाईची साठ-सत्तर खोडं झाली होती. माझ्याकडं मी आणि माझी बायको विमल, आमचीही पाच-सहाशे तशीच पडून होती. आमचं दोघांचं डोकं सकाळी सकाळी का तापलं होतं, ते आता समजलं असेल.

आमचं भांडण रंगात आलं तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो थांबला. त्यातून अकरा माणसं उतरली. बाप्ये पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात, बाया पांढऱ्या साड्यांत, दोघांच्या गळ्यात टाळ. मला वाटलं गावात कोणी गेलं आणि आपल्याला खबर नाही.

पुढं एक सत्तरीचे, चष्मेवाले गृहस्थ आले. "नमस्कार. मी दिगंबर गुरुजी. शहरातून, शनवारा पेठेतल्या मारुती भजनी मंडळातून आलो आम्ही. वादळाचं ऐकलं. म्हटलं, दर शनिवारी देवापुढं टाळ वाजवतो, एक दिवस शेतात हात चालवू. रस्त्याला लागून पहिलं शेत हेच दिसलं."

रस्त्याला लागून वावर असण्याचा असा फायदा असतो. माझं वावर तिच्या मागं. मी मनातल्या मनात वाडवडिलांच्या वाटणीला शिव्या घातल्या.

गोदाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे असे पांढरे कपडे घालून?"

"का हो?"

"केळीचं पानी उडलं ना गुरुजी, तर काळा डाग पडते. मानूस मरते पन डाग जात नाई."

मंडळी एकमेकांकडं पाहू लागली. रितेश म्हणून एक गडी होता, पस्तिशीचा, साड्यांचा दुकानदार, पोट जरा पुढं. तो म्हणाला, "गुरुजी, ये तो किसी ने बोलाच नाही."

"पडला डाग तर पडला," गुरुजी म्हणाले आणि बाह्या सारल्या.

"मंग पह्यले चहा घ्या," गोदाबाई म्हणाली.

तिथं घोडं अडलं. जिथं सेवा करायची तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा मंडळाचा नियम. पाण्याच्या बाटल्या, पोहे, सगळं ते घरून घेऊन आले होते. गोदाबाईचा चेहरा उतरला. दारात आलेला माणूस कोरडा गेलेला तिला खपत नाही, मग तो वीजबिलवाला का असेना. पण पडत्या काळात हात धरणाऱ्याशी नियमावरून काय भांडायचं? ती कामाचं सांगू लागली.

"आडवं खोड तोडा, तीन तुकडे करा, बांधावर टाका. अन् हरेक बुडाशी एकच पिल ठेवा, चांगलं पाहून. बाकीची उडवा. पिलावर पाय नका देऊ."

एवढं सांगून ती म्हशीला पाणी दाखवायला घरी गेली आणि मी माझ्या वावरात आलो.

खरं सांगतो, मला वाटलं होतं तासाभरात निघून जातील. पण तिकडून आवाज यायला लागला. गुरुजींनी अभंग धरला, बाकीचे झेलत होते, आणि ठेक्यावर विळे पडत होते. एक ओळ संपली की एक खोड बांधावर. विमल काम थांबवून ऐकत उभी राहिली. "आपल्याकडचे मजूर तं तंबाखूवर चालतात, हे देवाच्या नावावर चालून राह्यले," ती म्हणाली. तिला काम सुचत नव्हतं आणि मला तिचं ऐकणं रुचत नव्हतं.

बारा वाजता गोदाबाई परत आली तेव्हा मीही बांधावर गेलो. सात रांगा स्वच्छ. जमीन अशी मोकळी की पोरीचं लग्न लावावं. रितेशचा पांढरा सदरा बिबट्यासारखा झालेला. गोदाबाईच्या तोंडावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मग तिनं खाली पाहिलं आणि मटकन बांधावर बसली.

"अव माय व. काय करून ठेवलं हे."

मीही पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पिलं दोन जातींची असतात. एक तलवारीसारख्या अरुंद पानांचं, टोकदार, दिसायला मरतुकडं. ते जमिनीखाली मोठ्या कांद्यासारखं भक्कम असतं आणि घड तेच देतं. दुसरं रुंद पानांचं, तुकतुकीत, गोबरं. ते नुसतं पाण्यावर फुगलेलं, त्याला ना बूड ना दम. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. मंडळानं सात रांगांत मिळून तीनेकशे गोबरी पिलं मोठ्या प्रेमानं राखली होती आणि तलवारीची तेवढी नेमकी, मातीसरशी, कापून टाकली होती.

"मावशी, आपण तर एकदम हेल्दीवालं ठेवलं ना," रितेश म्हणाला. "ते बारीकवालं तर बीमार दिसत होतं."

"बिमार? अरे, ते बिमार दिसते म्हनून तं ते खरं असते. तुह्या दुकानात साडी पारखत असशीन का नाई? का नुसती चमकली का घेतली?"

"चमकली की विकली जाते, मावशी."

एरवी मी हसलो असतो. गुरुजींनी चष्मा काढला. चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवलेला माणूस, आता हातात विळा घेऊन वर्गात उभं केल्यासारखा उभा होता. "मीच सांगितलं यांना," ते म्हणाले. "मीच प्रत्येकाला दाखवलं, हे ठेवा, हे काढा. चूक माझी आहे."

वैजयंतीबाई म्हणून एक होत्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे कापलेलं परत नाही का येणार हो?"

आता येतं. केळीचं पिल मातीसरशी कापलं तरी कांदा खाली जिवंत असतो. दुसऱ्या दिवशी मधून सुरळी वर येते, हा आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक असलेला प्रकार आहे. दहा-पंधरा दिवस मागं पडतं, एवढंच. आम्ही तर नको असलेली पिलं कापून कापून वैतागतो. मी तेच सांगायला तोंड उघडलं आणि गोदाबाईनं पदराआडून माझ्या पायावर टाच दिली. अशी दिली की माझं तोंड उघडंच राहिलं.

"देवाले माहीत," ती म्हणाली आणि आभाळाकडं पाहिलं. बाई खोटं बोलली नाही, हे मी नंतर बऱ्याच वेळा स्वतःला समजावलं.

"आता आम्ही काय करावं, मावशी?" गुरुजींनी विचारलं. "सांगाल ते करू."

गोदाबाईनं पदर खोचला. "आमच्या गावात चुकलं का दंड असते. सहाशे खोडं अजून पडेल हायेत. उद्या या, अन् ते उचलून द्या. हा एक दंड. अन् दुसरा, तुमचा नियम राहू द्या शनवाऱ्यात. उद्या जेवाल माह्या इथी."

दुसऱ्या दंडावर मंडळात कुजबुज झाली, पण गुन्हेगाराला नियम कुठला? कबूल करून मंडळी टेम्पोत बसली. टेम्पो वळणाआड गेला तसा मी बोललो, "काकू, पाप लागन तुले."

"लागू दे. आठ दिवसांतले तीन गेले, वामन्या. पाप फेडाले मी हाये, पिलं फेडाले कोन हाये?"

शुक्रवारी मी उजाडताच बांधावर हजर. येतील असं मला वाटत नव्हतं. पण सात वाजता दोन टेम्पो आले आणि त्यातून सत्तावीस माणसं उतरली. गुरुजींनी रात्री महिला मंडळालाही आपली चूक सांगितली होती, आणि चूक ऐकून माणसं धावून आली होती. कालचे अकरा त्याच डागाळलेल्या कपड्यांत होते. आज गोदाबाई एक पाऊल हलली नाही. प्रत्येकाला बुडाशी बसवून तिनं पिल ओळखायला लावलं, चुकला की पुन्हा विचारलं. गुरुजी सगळ्यात पुढं बसले होते. कालच्या सात रांगांकडं मात्र तिनं कोणाला फिरकू दिलं नाही; ती गोबरी पिलं मी मागून पाहीन, म्हणाली.

दुपारी कच्च्या केळीची भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. पडलेल्या घडांची ती भाजी, एवढी चवदार की वैजयंतीबाईंनी दोनदा मागून घेतली. गोदाबाई वाढताना सारखी म्हणत होती, "घ्या, दंड हाये, पुरा भरा." रितेशनं पाच भाकरींचा दंड भरला. लोक जेवत असताना ती चुलीपाशी पाठ करून बसली आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं धूर असेल, पण चूल विझलेली होती. सहा वर्षांत तिच्या दारात एवढी पंगत बसली नव्हती.

चार वाजता शेवटचं खोड बांधावर पडलं. नवशेच्या नवशे पिलांना ऊन लागलं. मंडळी टेम्पोकडं निघाली. रितेश कंबर धरून म्हणाला, "बस, अब हो गया. उद्या शनिवार, सकाळपासून देवळात आहे. दोन दिवस दुकान पण बंद." मी ऐकून घेतलं. माझी विमल पलीकडं तिसऱ्या रांगेत वाकलेली होती, आमच्या पिलांना उरले होते चार दिवस. पण तोंड उघडून मागायचं कोणत्या हक्कानं? माझ्या वावरात त्यांनी काहीच बिघडवलं नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि गोदाबाईचा हेवाही वाटला.

गुरुजी मात्र मागं रेंगाळले होते. कालच्या सात रांगांत ते हात मागं बांधून हिंडत होते, अपराध्यासारखे. मध्येच थांबले. वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. काल त्यांनी कापलेल्या पिलाच्या मधोमध कोवळी हिरवी सुरळी उभी होती, चांगली बोटभर. त्याच्या शेजारचं पाहिलं, तिथंही. मग ते अख्खी रांग चालत गेले. परत आले तेव्हा गोदाबाई बांधावर उभी होती आणि तिच्या मागं मी.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे परत येतं."

"येते."

"काल माहीत होतं तुम्हाला."

"माह्या सासूलेबी माहीत होतं."

गोदाबाईनं एकदाही मान खाली घातली नाही. "काल सांगितलं असतं तं आज तुमी आले असते का, गुरुजी? खरं सांगा. मारुतीच्या मंडळाचे आहा तुमी."

गुरुजींनी विचार केला. मास्तर माणूस, उत्तर घाईत देत नाही. "मी आलो असतो," ते म्हणाले. "बाकीचे सव्वीस, नाही सांगता येत."

"मंग?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पलीकडं, जिथं विमल एकटी एक खोड ओढत होती आणि ते तिला ओढवत नव्हतं. तिकडं ते बराच वेळ पाहत राहिले. चष्मा नीट केला आणि टेम्पोकडं गेले. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना सांगणार आणि गोदाबाईसोबत अख्ख्या गावाचं नाव शनवाऱ्यात खराब होणार. आम्ही दोघं त्यांच्या मागं गेलो.

मंडळी टेम्पोत बसलेली होती. गुरुजींनी चेहरा अगदी पाडून घेतला.

"मंडळी, मी आत्ता सातही रांगा पाहून आलो," ते म्हणाले. "आपल्या हातून झालंय ते लहान नाही. एका शेतात फिटण्यासारखं मला तरी दिसत नाही. उद्याचा शनिवार वामनभाऊंच्या शेतात."