बाळाबाईची जबानी

बेळगुंदीच्या परशराम गावड्याची मुलगी बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या नन्सच्या शाळेत शिकते, याचं गावाला पहिल्यांदा फार कौतुक वाटलं होतं. परशराम मराठा पलटणीत नाईक होता. त्याच्या साहेबानं शब्द टाकला, म्हणून बाळाबाईला सेंट अगाथा कॉन्व्हेंटात फीमाफी मिळाली आणि वसतिगृहात एक खाट. १९४० साली ती पंधरा वर्षांची होती, आणि गणितात वर्गात तिच्यापुढे कुणी नव्हतं.

हे गणित सिस्टर लुचियांचं. सिस्टर मूळच्या इटलीच्या, पण बारा वर्षं बेळगावात काढलेल्या. भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायच्या. गणित चुकलं तरी ओरडत नसत. मुलीला फळ्यापाशी उभं करून म्हणत, "पुन्हा. सुरुवातीपासून."

त्या जूनमध्ये इटली लढाईत उतरली आणि एका दिवसात सिस्टर शत्रू झाल्या. मदर सुपीरियर इंग्रज होत्या. सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, की सिस्टर लुचिया यापुढे शिकवणार नाहीत, कपड्यांच्या खोलीत काम करतील, आणि त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मुली बोलेनाशा झाल्या. निपाणीच्या वकिलांची वसुधा बाळाबाईच्या शेजारच्या खाटेवर झोपायची. सिस्टर समोरून आल्या की तीसुद्धा मान खाली घालून जाई.

बाळाबाई मात्र दर शनिवारी धुतलेले कपडे आणायला म्हणून जाई, आतून कडी घाली आणि भूमितीचे दोन सिद्धांत शिकूनच बाहेर येई.

पावसाळा सरल्यावर परशरामची पलटण बोटीत चढली. कुठं चालली, ते सांगायची बंदी होती. दोन महिन्यांनी पत्र आलं, तेही जागोजागी काळी शाई फासलेलं. उरलेल्या ओळींत एवढंच होतं: लई दिवस बोटीत होतो, एका अंगाला नुसती वाळू, उंट बघितले, तब्येत बरी हाय.

शनिवारी बाळाबाई ते पत्र आणि आपला शाळेचा नकाशासंग्रह घेऊन गेली. "सिस्टर, माझा बाप कुठं असंल?"

दोघी इस्त्रीच्या टेबलावर वाकल्या. वाळू, उंट, बोटीचे दिवस यांचा हिशेब लावत बाळाबाईनं तांबड्या समुद्राच्या काठानं पेन्सिलीनं चार फुल्या मारल्या. शेवटच्या फुलीच्या जरा खाली सिस्टरांनी बोट ठेवलं. "माझा धाकटा भाऊ इथं आहे," त्या म्हणाल्या. "शिपाईच आहे."

तिचा बाप आणि सिस्टरांचा भाऊ यांच्या मधे नकाशावर बोटभरसुद्धा जागा नव्हती. सिस्टरांनीच पुस्तक मिटलं आणि भूमितीची वही पुढं ओढली. पुस्तक तिथंच राहिलं.

जानेवारीत पोलिसांनी सिस्टर काम करत त्या कपड्यांच्या खोलीची झडती घेतली. चादरींच्या चळतीत तो नकाशा सापडला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॅम्पात बोभाटा झाला, की इटालियन नन मराठा पलटणीच्या हालचाली टिपून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बाळाबाईला मदर सुपीरियरच्या खोलीत बोलावलं. तिथं इन्स्पेक्टर मारुतीराव बसले होते. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद तयार होता.

"तुझी जबानी आहे," मदर म्हणाल्या. "सही कर. तुला काही होणार नाही."

बाळाबाईनं कागद उचलला आणि वाचू लागली. मदरच्या कपाळावर आठी पडली. ती वाचेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्यात लिहिलं होतं, की सिस्टर लुचियांनी माझ्या वडिलांच्या पलटणीचा ठावठिकाणा मला खोदून खोदून विचारला आणि नकाशावर खुणा केल्या.

"हे खोटं हाय," ती म्हणाली आणि तेच इंग्रजीत पुन्हा म्हणाली.

मारुतीराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, तुझे वडील त्या सिस्टरच्याच लोकांशी लढतायत. उद्या काही बरंवाईट झालं तर? आणि तू शत्रूची बाजू घेतेस?"

"बाजू कुठली, सायेब? खुणा मी केल्यात. माझा बाप कुठं हाय ते तुम्ही कुणी सांगत न्हाय, म्हणून मी शोधत होते. त्याबद्दल कुणाला धरायचं असंल तर मला धरा."

तिनं टाक उचलला, टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली इंग्रजीत लिहिलं: नकाशा माझा आहे. फुल्या माझ्या आहेत. सिस्टरांनी मला काहीही विचारलं नाही. त्याखाली पूर्ण नाव, बाळाबाई परशराम गावडे.

मारुतीरावांनी तिचा हात धरला नाही. मदर मात्र पांढऱ्याफटक पडल्या. "इथं फुकट शिकायचं असेल तर सांगितलेलं ऐकावं लागतं. उद्या दुसऱ्या कागदावर सही कर, नाहीतर पेटी भर."

बाळाबाईनं पेटी भरली.

मदरचा निरोप गेला, आणि सकाळी तिची आई जयाबाई बेळगुंदीहून चालत आली. मदर बोलत गेल्या, मारुतीराव मराठीत सांगत गेले. सगळं ऐकून घेऊन जयाबाईनं लेकीकडं बघितलं. "खुणा तू केल्यास?"

"व्हय, आये."

"त्या बाईनं काय इचारलं न्हाय?"

"न्हाय."

जयाबाई मारुतीरावांकडं वळली. "मग तिनं काय ल्ह्याचं, सायेब? तिचा बा तिकडं बंदुकीम्होरं उभा हाय, आनि हितं लेकीनं कागदाला भ्याचं? चल गं, उचल पेटी."

तेवढ्यात दार ढकलून वसुधा आत आली. हातात वहीचं पान होतं. नकाशावर बाळाबाईचंच नाव आहे आणि तो तिनंच तिकडं नेलेला आम्ही पाहिला, असं त्यावर लिहून खाली नऊ मुलींनी सह्या केल्या होत्या.

"हे इन्स्पेक्टरसाहेबांना द्यायचंय, मदर. माझ्या बाबांना याची नक्कल टपालानं पाठवलीय."

निपाणीचे वकील कोर्टात कुणाची भीड ठेवत नाहीत, हे मारुतीरावांना ठाऊक होतं. त्यांनी पान घडी करून खिशात घातलं, बाळाबाईचा कागदही घेतला, आणि टोपी उचलली.

मायलेकी पेटी घेऊन बेळगुंदीला परतल्या. हेरगिरीचा आरोप टिकला नाही. पण इटलीच्या माणसांना मोकळं ठेवायचं नाही असा वरून हुकूम होता, आणि आठवड्याभरात सिस्टरांना नजरकैदेच्या छावणीत न्यायचं ठरलं. वसुधानं निरोप धाडला, तशी मायलेकी बेळगाव स्टेशनावर जाऊन उभ्या राहिल्या.

दोन शिपायांच्या मधून सिस्टर आल्या. "बोलायचं न्हाय," एक शिपाई म्हणाला.

"मी कुठं बोलतीया? भाकरी देतीया," जयाबाई म्हणाली आणि त्याला ओलांडून तिनं सिस्टरांच्या हातात गाठोडं ठेवलं. शिपाई मराठा पलटणीचाच होता. तो इंजिनाकडं बघत राहिला.

बाळाबाई रडली नाही. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सिस्टर, मी मॅट्रिक होणार! गणित घेऊन होणार!"

सिस्टर हसल्या, डोळे पुसले, आणि डब्यात चढल्या.

सोमवारी पहाटे बाळाबाई बेळगुंदीहून निघाली आणि दहा मैल तुडवून शहरातल्या मुलींच्या मराठी शाळेत पोचली. पाय धुळीनं माखले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी दाखल्याचं रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "आधीची शाळा का सोडलीस?"

"खोट्या कागदावर सही केली न्हाय म्हणून काढलं, बाई."

बाईंनी टाक दौतीत बुडवला. "जरा सावकाश सांग," त्या म्हणाल्या, "जसंच्या तसं लिहून घेते."