बागेत शिरलेल्या मेंढ्या

धाकट्या जावेच्या सफरचंदाच्या बागेत त्या सकाळी थोरलीच्या बावीस मेंढ्या घुसल्या. मधल्या कुंपणाचा खांब कुजून आडवा झाला होता. वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद, त्यामुळे तो कुणी उभा करायचा हे महिनाभर नुसतं लोंबकळत पडलं होतं.

पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन धाकटी तणतणत बागेत आली. मेंढ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गवत तर त्या खात होत्याच, पण झाडांखाली सडत पडलेल्या किडक्या फळांचाही त्यांनी फडशा पाडला होता. तीच फळं वेचता वेचता दरवर्षी धाकटीच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. तिचा राग अर्धा तिथेच उतरला. मग साल सोललेली दोन कोवळी झाडं दिसली आणि तो पुन्हा चढला.

एवढ्यात थोरली धापा टाकत आली, भांडायच्या तयारीनेच. झाडं पाहून मात्र ती भांडण विसरली. तिने बादलीत ताज्या लेंड्या नि माती कालवली आणि एकेका बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत लिंपायला घेतली.

"स्वतःच्या घाणीला त्या तोंड लावत नाहीत," ती खाली मान घालूनच म्हणाली.

धाकटीने पंप उतरवला. मग म्हणाली, "उद्याही सोडा त्यांना, ताई. फक्त मी बुरशीसाठी मोरचूद फवारते तेव्हा नको. विष आहे ते त्यांना."

"तुला कसं ठाऊक?"

"पिशवीवर लिहिलेलं असतं. म्हणून तर वारा तुमच्या कुरणाकडे असला की मी फवारणी थांबवते."

थोरलीचे हात थांबले. धाकटी आळशी आहे, फवारणी सारखी पुढे ढकलते, असं ती चारचौघांत सांगत आली होती. ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय काय सांगत होते, ते तिने कबूलही केलं. धाकटीला हसू आलं.

साल सोललेल्या त्या दोनपैकी एक झाड वाळलं, एक तगलं. कुंपणात दोघींनी मिळून फाटक बसवलं. फवारणीनंतर चांगला पाऊस होऊन पाला धुतला जाईपर्यंत ते बंद राहायचं, एरवी उघडं. पुढच्या हंगामात अळ्या निम्म्याने कमी झाल्या, विकतचं खतही कमी लागलं. ऐन उन्हात मेंढ्या आपल्या कोकरांसह झाडांच्या सावलीत रवंथ करत बसू लागल्या.

तोडणीच्या दिवसांत थोरली टोपली घेऊन मदतीला आली. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत मेंढ्यांच्या चाऱ्याला लसूणघासाचं बी टाकू या, असं तिनेच सुचवलं. धाकटीने शिडीवरूनच विचारलं, "कधी टाकायचं?"